ड्रम कोअरमधील दडलेले दृश्यक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील ड्रम कोअर स्पर्धांच्या चित्रफिती आता पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसूनही पाहता येतात, आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतील मुले हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये वाजवू लागली की त्यांच्या आईवडिलांचीही या कलेशी हळूहळू ओळख होते. नव्याने पाहणाऱ्याच्या लक्षात राहतात त्या मैदानभर पसरणाऱ्या आकृत्या, पितळी वाद्यांचा दणका आणि हवेत उंच जाणाऱ्या लाकडी रायफली. या पानावर मात्र त्याहून कितीतरी लहान गोष्टींविषयीचे प्रश्न घेतले आहेत. ज्या गोष्टी दोन-चार सेकंदच टिकतात, मैदानाच्या एखाद्या कोपऱ्यात घडतात आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटतात, त्यांतच या कलेचे खरे मर्म आहे, असे माझे ठाम मत आहे.

ड्रम कोअर म्हणजे नेमके काय? शाळेच्या मार्चिंग बँडपेक्षा ते वेगळे कसे?

ड्रम कोअर हे तरुणांचे वाद्यपथक असते आणि त्यात तीनच घटक असतात: पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे, रायफली, तलवारी घेऊन नृत्य करणारा कलर गार्ड. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन यांना तेथे जागा नाही. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटना, चर्च आणि स्काउट पथके यांच्या आश्रयाने ही परंपरा वाढली. 1972 मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. पथकातील मुलेमुली साधारण एकवीस-बावीस वर्षांपर्यंतच्या असतात. हिवाळ्यात शिबिरे होतात, वसंतात सलग सराव होतो, आणि जून ते ऑगस्ट या काळात पथक बसने गावोगाव फिरत, शाळांच्या व्यायामशाळांत झोपत, सुमारे बारा मिनिटांचा एकच प्रयोग सादर करत राहते. शाळेच्या बँडला वर्षभर इतर अनेक कामे असतात, तर येथे संपूर्ण उन्हाळा त्या एका प्रयोगासाठी राखलेला असतो. इतक्या बारीक तपशिलांची उस्तवार करणे पथकांना परवडते, त्याचे हेच मुख्य कारण आहे.

‘दडलेला दृश्यक्षण’ कशाला म्हणायचे?

प्रयोगातील मुख्य लक्ष जेथे खेचलेले असते, तेथून दूर मुद्दाम योजलेली छोटी कृती म्हणजे दडलेला दृश्यक्षण. एकल वादक पुढे उभा राहून वाजवत असताना मागच्या रांगेतील दोघांनी एकमेकांकडे वळून पाहणे, ड्रम वाजवणाऱ्यांनी एका ठोक्यासाठी शेजाऱ्याच्या ड्रमवर काठी मारणे, मोठ्या वर्तुळाच्या आत एका कलाकाराने उलट दिशेने एकच गिरकी घेणे, अशा कृतींचा त्यात समावेश होतो. काही जण चुकून घडलेल्या गमतीदार गोष्टींनाही हेच नाव देतात. माझ्या मते दोहोंत फरक ठेवावा, कारण योजलेल्या क्षणात रचनाकाराचा विचार दिसतो आणि अनपेक्षित क्षणात कलाकाराची तयारी दिसते. दोन्ही पाहण्याजोगे असतात, पण त्यांची जात वेगळी असते.

इतक्या उघड्या मैदानावर एखादी गोष्ट लपते तरी कशी?

प्रयोग अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर होतो. त्याची लांबी शंभर यार्ड आणि रुंदी सुमारे त्रेपन्न यार्ड असते, आणि त्यावर दीडशेच्या आसपास माणसे एकाच वेळी हालत असतात. प्रेक्षकाची नजर एकावेळी त्याचा लहानसा भागच नीट पाहू शकते, आणि ती तीन गोष्टींमागे धावते: सर्वांत वेगवान हालचाल, सर्वांत मोठा आवाज आणि सर्वांत उंच वस्तू. रचनाकारांना हे पक्के ठाऊक असते. डाव्या बाजूला सहा रायफली एकदम हवेत गेल्या, की उजव्या बाजूला पडद्यामागून कोणी बाहेर आले तरी ते कोणाला दिसत नाही, आणि मग तालाच्या अवघ्या दोन मापांनंतर (म्हणजे काही ठोक्यांनंतर) तेथे एक आकृती ‘अचानक’ उभी राहिलेली दिसते. ती कोठून आली हे कळत नाही, कारण त्या वेळी आपण रायफलींकडे पाहत होतो.

दुसरे कारण अंतराचे आहे. पथकाची नेहमीची पावले पाच यार्डांत आठ या मापाने पडतात, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे होते. प्रत्येक वादकाला प्रत्येक सेटमधील, म्हणजे प्रत्येक ठरलेल्या आकृतीतील, आपली जागा यार्डाच्या रेषांच्या आधाराने पाठ असते, आणि त्या जागेला ते ‘डॉट’ म्हणतात. वरच्या मजल्यावरून पाहताना हे सगळे डॉट मिळून वक्ररेषा, चौकोन, तारे होतात आणि माणसे दिसेनाशी होतात. खालच्या रांगेत बसल्यास माणसे दिसतात, पण आकृती हरवते. त्यामुळे एकाच प्रयोगातील काही तपशील फक्त वरून दिसतात आणि काही फक्त खालून दिसतात. एकाच जागी बसून दोन्ही मिळत नाहीत.

हे क्षण कोण रचते?

पथकाला एक रचनाकार मंडळ असते. त्यात संगीताची मांडणी करणारे, ड्रिल (मैदानावरील हालचालींचा आराखडा) लिहिणारे, नृत्य बसवणारे आणि कलर गार्डची रचना करणारे असे वेगवेगळे लोक असतात. ड्रिल लिहिणारा मोठ्या आकृत्या ठरवतो. त्या आकृत्यांच्या आत हात, मान, वाद्य आणि नजर यांचे काय करायचे हे नृत्यदिग्दर्शक ठरवतो. लहान क्षणांपैकी बरेचसे याच दुसऱ्या टप्प्यात जन्माला येतात, आणि काही तर सरावाच्या मैदानावर मुलांनीच सहज केलेल्या कृतीतून येतात. ती कृती शिक्षकाला आवडली की पक्की होते, तिला काउंट, म्हणजे तालातील ठरलेला ठोका, मिळतो आणि मग ती रोज त्याच काउंटवर घडते. एकदा काउंट मिळाला की उत्स्फूर्तपणा संपतो, अशी तक्रार कधीकधी ऐकू येते, पण ती मला पटत नाही. सव्वा महिना रोज त्याच ठोक्यावर मान वळवूनही ती आजच पहिल्यांदा वळल्यासारखी वाटायला लावणे, यातच कलाकाराचा कस लागतो.

परीक्षक या लहान गोष्टी पाहतात का? त्यांना गुण मिळतात का?

एकूण गुण शंभर असतात. गेली कित्येक वर्षे त्यांची वाटणी अशी आहे: समग्र परिणामाला चाळीस, दृश्य भागाला तीस आणि संगीताला तीस. दृश्य भागात संचलनाची सफाई, रचनेचे विश्लेषण आणि कलर गार्ड यांची वेगवेगळी छाननी होते. कोपऱ्यातील एका गिरकीला स्वतंत्र अर्धा गुण मिळत नाही. मात्र कलर गार्डचा परीक्षक नेमका अशाच कोपऱ्यांत पाहत असतो, आणि रचनेत किती थर आहेत, प्रत्येक थर स्वतंत्रपणे नीट पार पडतो का, याचा विचार विश्लेषणात होतोच.

येथे थोडा इतिहास लक्षात घ्यायला हवा. 1983 पर्यंत ‘टिक’ पद्धत होती. परीक्षक मैदानावर फिरत आणि प्रत्येक चुकीला दशांश गुण कापत. अशा व्यवस्थेत जास्तीची प्रत्येक हालचाल म्हणजे गुण जाण्याची आणखी एक शक्यता होती, त्यामुळे सावध रचनाकार अनावश्यक काही करायला धजावत नसे. पुढच्या मोसमापासून ती पद्धत गेली, आणि पथकाने काय साधले यावर गुण चढत जाण्याची पद्धत आली. त्यानंतरच्या दशकांत प्रयोगांतील तपशील झपाट्याने वाढत गेला, त्यामागे मला हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जुन्या काळातील प्रयोगांत असे काही सापडते का?

नक्कीच सापडते, फक्त त्याचे रूप वेगळे होते. सुरुवातीच्या काळातील पथके लष्करी शिस्तीची होती. रचना मैदानाच्या मध्यरेषेभोवती सममित असे, आणि अमेरिकेचा ध्वज मैदानावर आणून त्याला मानवंदना देण्याचा विधी प्रयोगाचाच भाग असे. त्या चौकटीत कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा व्हॅनगार्डने 1970 च्या दशकात ‘बॉटल डान्स’ आणला. पूर्व युरोपातील ज्यू लग्नसोहळ्यांच्या रंगमंचीय चित्रणातून घेतलेले हे नृत्य वादकांनीच रांग धरून करायचे होते. तो क्षण दडलेला मुळीच नव्हता, उलट प्रेक्षक त्याची वाट पाहत असत. पण वाद्य हातात असलेल्या माणसाचे शरीरही बोलू शकते, हे त्यातून सर्वांच्या लक्षात आले.

पुढे गारफिल्ड कॅडेट्सने (हेच पथक नंतर नुसते ‘कॅडेट्स’ म्हणून ओळखले गेले) 1983, 1984 आणि 1985 अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली. त्यांचा ड्रिलकार जॉर्ज झिंगाली याने सममिती मोडून आकृत्यांना सतत वाहते ठेवले. त्याच्या रचनेत एक आकृती पूर्ण होण्याआधीच दुसरीची सुरुवात कोठेतरी कडेला झालेली असते. ती सुरुवात शोधणे हा आजही मोठा आनंद आहे. चित्रफीत थांबवून मागे घ्या आणि नव्या आकृतीकडे पहिले पाऊल टाकणारी व्यक्ती कोण ते पाहा. बहुतेक वेळा ती अगदी टोकाला, कोणाचेही लक्ष नसलेल्या जागी असते.

1993 चा स्टार ऑफ इंडियानाचा प्रयोग या विषयात वेगळे स्थान राखून आहे. बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांच्या रचनांवर उभ्या राहिलेल्या त्या प्रयोगात वादकांनी अंग आकसणे, पाठ वाकवणे, हात ताणणे अशा देहबोलीला वादनाइतकेच महत्त्व दिले. तेव्हाच्या प्रेक्षकांपैकी अनेकांना तो रुचला नाही. पथक दशांश गुणाने दुसरे आले, कॅडेट्सना 97.40 आणि त्यांना 97.30 गुण मिळाले, आणि त्यानंतर ते स्पर्धेतूनच बाहेर पडले. त्याच मंडळींच्या कामातून पुढे ‘ब्लास्ट’ हा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला आणि 2001 मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. आजच्या कोणत्याही पथकाची देहबोली पाहताना 1993 ची आठवण येतेच.

टोप्या आणि तुरे गेले, त्याचा या क्षणांशी काही संबंध आहे का?

फार जवळचा संबंध आहे. उंच टोपी, तिच्यावर तुरा आणि हनुवटीखाली पट्टा असा वेश असताना वादकाचा चेहरा अर्धा झाकला जाई, आणि सगळी पथके दुरून एकसारखी दिसत. संचलनाच्या सफाईला ते उपकारक होते. 2016 मध्ये ओहायोच्या ब्लूकोट्सनी टोपीविना, अंगाला घट्ट बसणाऱ्या हलक्या वेशात ‘डाउन साइड अप’ सादर केला आणि आपले पहिले अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर अनेक पथकांनी टोप्या बाजूला ठेवल्या. चेहरा उघडा पडल्यावर नजर, भुवया, ओठ हे सगळेच रचनेचे साहित्य झाले. पूर्वी मान वळवली तर तुरा हलत असे आणि दुरूनही समजे. आता दुरून तेवढे समजत नाही, पण जवळून कितीतरी अधिक वाचता येते. मला जुन्या वेशाचा रुबाब आवडतो, तरीही या एका लाभासाठी मी नवा वेश मनापासून स्वीकारतो.

कलर गार्डमध्ये नेमके काय पाहावे?

बहुतेक जण हवेत गेलेल्या वस्तूकडे पाहतात. रायफल लाकडी असते, टेपने घट्ट गुंडाळलेली असते, आणि हवेत तिचे पाच, सहा, सात फेरे होतात. प्रत्येक जण आपल्या टॉसला, म्हणजे फेकीला, फेऱ्यांच्याच आकड्याने ओळखतो. पण माझी विनंती अशी आहे की एखाद्या प्रयोगात रायफलीकडे मुळीच न पाहता खाली उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे. रायफल वर असताना तो काय करतो? कोणी गिरकी घेतो, कोणी गुडघ्यावर बसतो, कोणी शेजाऱ्याशी जागा बदलतो आणि त्याचीच रायफल झेलतो. झेलण्याच्या आधीच्या अर्ध्या काउंटला त्याची नजर वर जाते. त्याआधी ती समोर, प्रेक्षकांकडे रोखलेली असते.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे सामान बदलणे. झेंड्यांचा भाग संपला आणि रायफलींचा सुरू होणार असेल, तर मधल्या आठ-दहा काउंटांत काय घडते ते पाहा. कलाकार धावत येतो, झेंड्याचा दांडा जमिनीला समांतर करतो, वाऱ्याने कापड उडू नये म्हणून ते दांड्याखाली दुमडून घेतो, आवाज न करता झेंडा गवतावर ठेवतो, आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत पुढे सरकून आधीच ठेवलेली रायफल उचलतो. ती रायफल कित्येकदा त्याची नसते, ती दुसरा कोणी तरी तीन मिनिटांपूर्वी तेथे नेमकी ठेवून गेलेला असतो. ठेवणाऱ्याने ती हातभर इकडेतिकडे ठेवली, तर उचलणाऱ्याचे पुढचे सगळे बिघडते. ज्या पथकात हे उचलणे-ठेवणेही नृत्यासारखे बसवलेले असते, त्या पथकाच्या रचनाकारांविषयी मला विशेष आदर वाटतो.

ड्रमलाइनमध्ये कोणते क्षण दडलेले असतात?

स्नेअर (कडक, खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) वाजवणाऱ्यांच्या काठ्या एकाच उंचीवर उठतात का, हे तर सगळेच पाहतात. त्यापलीकडे काठी हातात उलटी फिरवून तिच्या मागच्या टोकाने ठोका देणे, शेजाऱ्याच्या ड्रमवर हात नेऊन परत आणणे, दोन काठ्या हवेत एकमेकींवर आपटणे असे प्रकार असतात, आणि ते बहुतेक वेळा सर्वांत वेगवान ओळीच्या मध्येच पेरलेले असतात. बास ड्रम वाजवणाऱ्यांचे काम आणखी अवघड असते. एकच ओळ पाच-सहा जणांत ठोक्याठोक्याने वाटलेली असते. एकाने एक ठोका दिला की पुढचा दुसऱ्याचा, त्यानंतरचा तिसऱ्याचा. आवाज रांगेतून पळत जातो आणि त्याबरोबर खांद्यांची बारीक लाट जाते, ती पाहावी. ड्रम अंगावर बांधलेला असल्याने या मंडळींना आडवे जाताना पाय एकमेकांवरून ओलांडत खेकड्यासारखे चालावे लागते, आणि कंबरेवरचे शरीर मात्र समोरच ठेवावे लागते.

झांजा वाजवणाऱ्यांची रांग आता फारच थोड्या पथकांत उरली आहे. सांता क्लारा व्हॅनगार्डने ती दीर्घकाळ जपली. झांजवाला दोन आघातांच्या मधल्या काळात रिकामा नसतो. तो पत्रे फिरवतो, त्यांवर प्रकाश खेळवतो, हातांच्या आकृत्या करतो. जुन्या चित्रफितींत आणखी एक दृश्य दिसते: झांजवाला स्नेअरवाल्यासमोर येऊन आपली झांज आडवी, अगदी स्थिर धरतो आणि स्नेअरवाला आपल्या काठीने तिच्यावर लय वाजवतो. काही मापे झाली की झांजवाला निघून आपल्या पुढच्या डॉटवर जातो. या दोघांतील विश्वास त्या काही सेकंदांत स्पष्ट दिसतो. झांजांची रांग काढून टाकण्यामागे सभासदसंख्येचे गणित आहे हे मला मान्य आहे, तरी तिच्याबरोबर दृश्याचा एक समृद्ध कोपरा गेला याची हळहळ वाटते.

ड्रम मेजरकडे, म्हणजे पथकाला ताल देणाऱ्या संचालकाकडे, पाहण्यासारखे काही असते का?

असते, पण थोडे. प्रयोगाआधीची मानवंदना हा त्याचा स्वतःचा क्षण असतो आणि प्रत्येक पथकाची तिची धाटणी वेगळी असते. प्रयोग सुरू झाल्यावर एकाहून अधिक ड्रम मेजर असतील, तर ते एका चौथऱ्यावरून दुसऱ्यावर कधी जातात आणि ताल देण्याचे काम कोणाकडून कोणाकडे सोपवले जाते, ते पाहावे. पथकाची पाठ प्रेक्षकांकडे असते तेव्हा मैदानाच्या मागच्या बाजूलाही एक जण ताल देत उभा असतो.

2008 च्या ‘स्पार्टाकस’चा उल्लेख वारंवार का होतो?

कारण त्या वर्षी इलिनॉय राज्यातील रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने 98.125 गुणांसह अजिंक्यपद मिळवले आणि ब्लू डेव्हिल्स 98.100 वर राहिले. अवघ्या पंचवीस सहस्रांश गुणांचा तो फरक होता. प्रयोगात गुलामांच्या बंडाची कथा होती आणि त्यात एकेक वादक ‘मीच स्पार्टाकस’ अशी आरोळी देई. हा भाग प्रेक्षकांना तोंडपाठ आहे. मी सुचवेन ते वेगळेच. आरोळी देणाऱ्याकडे न पाहता त्याच्या शेजाऱ्याकडे पाहा. वाद्य ओठांपासून काढणे, ओरडणे, पुन्हा ओठांना लावणे आणि पुढच्या स्वरासाठी श्वास भरणे हे एकाला करावे लागते, तेव्हा बाकीचे ताठ उभे असतात, आणि त्या ताठपणातच बंडाचा ताण साठवलेला असतो. मोठ्या आरोळीला वजन येते ते या न हालणाऱ्या माणसांमुळे.

आजकालच्या प्रयोगांत इतके काही एकदम घडते की काहीच नीट दिसत नाही. हा दोष नव्हे का?

काही प्रयोगांच्या बाबतीत तो दोषच आहे. ब्लू डेव्हिल्सचा 2014 चा ‘फेलिनीएस्क’ हा इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या शैलीवर बेतलेला प्रयोग 99.65 गुणांपर्यंत पोहोचला, आणि हा ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या इतिहासातील सर्वोच्च गुणांक आहे. त्यात मैदानावर एकाच वेळी अनेक पात्रे आपापल्या छोट्या प्रसंगांत गुंतलेली असतात. तेथे गर्दी हाच विषय आहे, कारण फेलिनीच्या चित्रपटांतही चौकटीच्या कडेला सतत कोणीतरी काहीतरी करत असते. म्हणून ती गर्दी शोभते. परंतु तीच पद्धत एखाद्या साध्या, शांत विषयावर लादली, प्रॉप्सची (मैदानावर मांडलेल्या सजावटीच्या वस्तूंची) रास केली आणि प्रत्येकाला काहीतरी करायला दिले, की तपशिलांचा कचरा होतो. याच्या उलट टोकाला कॅव्हेलियर्सचे 2000 ते 2006 या काळातील प्रयोग आहेत. मायकेल गेन्स यांनी लिहिलेल्या त्या ड्रिलमध्ये मैदान मोकळे असते, भूमिती स्वच्छ असते, आणि म्हणून आकृतीच्या आत घडलेली एकच वेगळी हालचालही ठळक उठून दिसते. लहान क्षणाला भोवती मोकळी जागा लागते, असे माझे मत आहे.

कॅडेट्सच्या 2011 च्या प्रयोगात हा समतोल फार सुंदर साधला होता. देवदूत आणि दैत्य अशा विषयासाठी अर्धे पथक फिकट रंगाच्या आणि अर्धे गडद तांबड्या वेशात होते. कोण कोठे शिरतो, कोणत्या रंगाच्या रांगेत दुसऱ्या रंगाचा एकच माणूस अडकून राहतो, हे रंगामुळे वरूनही कळत होते.

रायफल पडली किंवा कोणी घसरले, तर काय होते?

थांबत कोणीच नाही. रायफल हातातून सुटली तर कलाकार ती चेहऱ्यावर काही न दाखवता, जणू तसेच बसवले आहे अशा रीतीने उचलतो आणि पुढच्या काउंटला सगळ्यांत मिसळतो. ती फार दूर गेली तर तिच्याविना, रिकाम्या हातांनी हालचाली पूर्ण करतो, आणि वाटेत आलेला दुसरा कोणी ती पायाने बाजूला सारतो किंवा उचलून देतो. पडलेल्या वस्तूच्या दिशेने उलटे चालत येणाऱ्या वादकांना ती दिसत नाही, म्हणून बाजूचे लोक त्यांना ओरडून सावध करतात. हा आवाज चित्रफितीत क्वचित ऐकू येतो, आणि ऐकू आला की तो वाद्यांच्या आवाजाइतकाच मला मोलाचा वाटतो.

जूनमधील आणि ऑगस्टमधील प्रयोग वेगळा का दिसतो?

कारण तो खरोखरच वेगळा असतो. मोसमभर परीक्षकांच्या सूचना येतात, काही भाग गाळले जातात, शेवट बदलतो, प्रॉप्स आणि वेश उशिरा येऊन मिळतात. सर्वांत जास्त बदल लहान क्षणांतच होतात, कारण ते बदलायला ड्रिल नव्याने लिहावे लागत नाही. जूनची चित्रफीत हाताशी असेल तर ती शेवटच्या प्रयोगाशेजारी ठेवून पाहावी. कोणती कृती टिकली, कोणती गळली, आणि कोणती नवी आली, यावरून रचनाकारांच्या मनात काय चालले होते ते समजते.

कोठे बसावे? कोणती चित्रफीत निवडावी?

स्टेडियममध्ये आकृत्यांसाठी वरचा मजला आणि मधली बाजू उत्तम, तर चेहऱ्यांसाठी खालच्या रांगा बऱ्या. चित्रफितींचेही दोन प्रकार असतात. एकात उंचावरील एकच स्थिर कॅमेरा संपूर्ण मैदान दाखवतो. दुसऱ्यात अनेक कॅमेरे असतात आणि संकलक आपल्यासाठी निवड करतो. अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रफितीत जवळची दृश्ये मिळतात, पण तुम्ही शोधत असलेला कोपरा संकलकाने वगळलेला असू शकतो. म्हणून मी प्रथम उंचावरील चित्रफीत पाहतो, जिथे काहीतरी वेगळे हलल्यासारखे वाटते तेथील वेळ टिपून ठेवतो आणि मग तेच ठिकाण दुसऱ्या चित्रफितीत शोधतो. मागच्या हॅशपलीकडचा (मैदानावरील मागच्या बाजूच्या खुणांच्या ओळीपलीकडचा) भाग मुद्दाम पाहावा, कारण तेथे कॅमेरा फारसा जात नाही.

प्रत्यक्ष स्पर्धेला जाणे शक्य असेल, तर प्रयोगाआधी वाहनतळावर जरूर जावे. पथके तेथे सराव करतात आणि लोक त्यांच्या भोवती कोंडाळे करून उभे राहतात. मैदानावर शंभर फुटांवरून दिसणारी काठीची उलटफेर तेथे हाताच्या अंतरावर दिसते. वादकांच्या वाटेत येऊ नये आणि सराव चालू असताना त्यांच्याशी बोलू नये, एवढे पथ्य पाळावे.

आपल्याकडील ढोल-ताशा पथकांशी याची तुलना करता येईल का?

थोडीच करता येते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ढोलांच्या रांगांमधून ध्वज नाचवणारा ज्या नजरेने पाहतो आणि ठोक्यावर ध्वज फिरवतो, त्या नजरेची सवय असलेल्या माणसाला कलर गार्डमधील बारकावे लवकर दिसू लागतात. पण मिरवणूक पुढे सरकत जाते आणि पाहणारा अगदी जवळ असतो. ड्रम कोअर एका जागी, दूरच्या प्रेक्षकासाठी आणि मिनिटामिनिटाने बांधलेले असते. दोन्हींची गरज वेगळी आहे, म्हणून मोजमापही वेगळे असावे.

सुरुवात कोणत्या प्रयोगांपासून करावी, आणि अंतिम सामना भारतातून कधी पाहता येतो?

मी पुढील क्रम सुचवतो. आधी कॅव्हेलियर्सचा 2002 चा ‘फ्रेमवर्क्स’ पाहावा, कारण त्यातील स्वच्छ भूमितीमुळे डोळ्याला शिस्त लागते. मग कॅडेट्सचा 2011 चा, कारण त्यात रंग मदतीला असतात. त्यानंतर ब्लूकोट्सचा 2016 चा पाहताना फक्त चेहऱ्यांकडे लक्ष द्यावे. ‘फेलिनीएस्क’ सर्वांत शेवटी ठेवावा, आणि प्रत्येक वेळी मैदानाचा एकच चतुर्थांश निवडून तेवढाच पाहावा. स्टार ऑफ इंडियानाचा 1993 चा प्रयोग कोणत्याही टप्प्यावर पाहता येतो, मात्र तो एकट्याने आणि चांगल्या आवाजात पाहावा.

अजिंक्यपदाची अंतिम फेरी 2009 पासून बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिस येथील लुकस ऑइल स्टेडियममध्ये शनिवारी संध्याकाळी होते. तेथील उन्हाळी वेळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असल्याने, तेथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारी पहाटेचे साडेपाच झालेले असतात. सर्वाधिक गुणांची पथके शेवटी येतात, त्यामुळे सकाळी आठपर्यंत वेळ मोकळा ठेवावा.